सुपडूनानांची जीभ

सोन्याचा गोठ नानांच्या जिभेवर होता तेव्हा मी कारखान्याच्या मधल्या दारात उभी होते. तो गोठ मी ज्यावर वाळत ठेवला होता ते फडकं माझ्या हातात होतं आणि फडक्यावर ओला डाग होता. मी गोठ धुतला होता, कोरडा पुसला होता, मगच त्यावर ठेवला होता. कोरड्या बांगडीखाली डाग येत नाही. म्हणजे गोठ आतून ओला होता. आणि आत होतं ते साधं पाणी नव्हतं, सायनाइडचं पाणी होतं.

"नाना," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उजव्या हाताचं एक बोट वर केलं. दागिना जिभेवर असला की ते कोणाशी बोलत नसत, बोट वर म्हणजे थांब. चार वर्षं मी त्या बोटाला थांबत आले होते. तेव्हाही थांबले. दोन श्वास घेण्याइतकी थांबले. मग पुढे होऊन त्यांच्या हाताला हिसका दिला. गोठ फरशीवर पडला आणि सांध्याजवळच्या मोहरीएवढ्या भोकातून पाण्याची बारीक धार सांडली.

"कडू शे," नाना म्हणाले.

गोठ मीच धुतला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दोषी शोधत बसायला नको.

माणूस सोन्याला जीभ का लावतो, हे ज्याला कळत नाही त्याला ते वेड वाटेल. मलाही वाटलं होतं. नशिराबादहून मी जळगावला पहिल्या दिवशी कामाला आले, नवऱ्यानं टाकलेली, चौथी शिकलेली, आणि बघते तर एक पन्नाशी उलटलेला माणूस पाटल्या चाटतोय. मला वाटलं, कुठे येऊन पडले मी.

कारखाना शेटजींचा. सराफ्याच्या मागच्या गल्लीत तीन खोल्या. पुढच्या खोलीत पाच कारागीर दागिने घडवत. मधल्या खोलीत सुपडूनाना एकटे बसत. मागच्या मोरीत मी. रिठ्याच्या पाण्यात दागिने धुणं, संध्याकाळी फरशी झाडणं आणि तो केर पिशवीत बांधून ठेवणं, कारण त्यात सोन्याचा कीस असतो, हे माझं काम.

नानांचं काम दगडाचं. घडवलेल्या दागिन्यावर कानशीचे ओरखडे राहतात. ते काढून सोनं सपाट, नितळ करायचं. त्यांच्याकडे सात दगड होते. पहिला कुरुंदाचा, बोटाला घासला तर साल काढील असा. सातवा काळा आणि इतका मऊ की नखानं ओरखडा उठायचा. मधले पाच त्यांनी धुळ्याच्या पांझरा नदीतून स्वतः वेचून आणलेले, घरी घासून वड्या केलेले. प्रत्येक दगड वेगळ्या चिंधीत, प्रत्येकासाठी पाण्याची वेगळी वाटी. पहिला दगड उभा फिरवायचा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. आधीच्या दगडाची एकही रेघ शिल्लक असेपर्यंत पुढचा दगड उचलायचा नाही.

आणि रेघ उरली का, हे ते जिभेच्या टोकानं बघायचे.

"बोट जाड शे," ते म्हणायचे. "डोया फसस. चमकनं का डोयाले वाटस व्हयनं. जीभ फसत नही."

नाना शिंदखेड्याकडचे. 'आहे'ला 'शे' म्हणायचे, सगळ्याला बठ्ठं. सुरुवातीला मी हसायचे. आमच्याकडची बोली वेगळी. त्यांनी एकदा विचारलं, "हसस का?" मी म्हटलं, तुमचं बोलणं ऐकून. ते म्हणाले, "मंग हास. पन हात चालू ठेव."

त्या जिभेसाठी त्यांनी काय काय सोडलं होतं ते सांगितलं तर खानदेशातला माणूस विश्वास ठेवणार नाही. मिरची सोडली होती. ठेचा नाही, शेवभाजी नाही, भरीत नाही. तंबाखू नाही, सुपारी नाही. चहा बशीत ओतून पार निवला की मग पीत. डब्यात रोज दूधभाकरी किंवा फिकी खिचडी. पुढच्या खोलीतले कारागीर त्यांना छळायचे. जेवताना कोणी तरी हिरव्या मिरचीचा ठेचा मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवायचा.

"घ्या नाना, एक बोट. घरी वहिनीला सांगत नाही आम्ही."

"वहिनीले नही सांगशात. सोनाले कोन सांगी?" नाना म्हणायचे आणि भाकरी दुधात कुस्करायचे.

त्यांच्या मुलाच्या लग्नात सगळ्या पंगतीला झणझणीत वरण आणि त्यांच्या पानात दहीभात होता, असं ते स्वतः सांगत. यात त्यांना अभिमान होता. मला तो हट्ट वाटायचा. आजही वाटतो.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ वाईट पडली. कामाला लागून आठवडा झाला असेल. मी मधली खोली झाडताना बघितलं, सात वाट्या, सगळ्यांत गढूळ पाणी. मला वाटलं, पसारा कशाला. दोन वाट्यांचं पाणी एकीत ओतलं आणि रिकामी वाटी घासून पालथी घातली. नाना आले, बसले, सहावा दगड त्या मिसळलेल्या पाण्यात बुडवला, चार हात फिरवले आणि थांबले. पाटली जिभेला लावली. मग दिव्याजवळ नेली. मी मागून बघितलं तर नितळ सोन्यावर केसासारखी एक रेघ उठली होती.

ते ओरडले नाहीत. मला वाटत होतं ओरडतील. त्यांनी सातही वाट्या मोरीत रिकाम्या केल्या, सातही दगड वाहत्या नळाखाली धुतले आणि दोन दिवसांचं काम झालेली ती पाटली पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू केली. पहिल्या दगडाचा एक कण सहाव्याच्या पाण्यात गेला होता. एक कण. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "पानीबी सात ऱ्हातस. समजनं?" मी म्हटलं समजलं.

दुसरी गोष्ट शेटजींच्या आईची. म्हातारी राजस्थानातून आलेली, धर्माची फार कडक. तिला इतक्या वर्षांनी कोणी तरी सांगितलं की सुपडू दागिन्याला जीभ लावतो. ती काठी टेकत थेट मधल्या खोलीत आली. शेटजी मागे.

"सुपडू, म्हारो गहणो तू चाटे?"

नाना उठून उभे राहिले. "चाटत नही, माय. इचारस त्याले."

"काय विचारतो?"

"कोठे दुखस म्हनीसन."

म्हातारीनं काठी आपटली. शेटजी तोंड फिरवून हसले. शेवटी ठरलं की तिच्या घरचा दागिना पाच वेळा रिठ्यात धुवायचा, आणि ते मला वाढीव काम लागलं. देवाच्या वस्तूला मात्र नाना कधीच जीभ लावत नसत. देव्हाऱ्यातली चांदी आली, कानबाईचा मुखवटा आला, की ते डोळा मिटून पापणीवर तो टेकवायचे आणि चेहरा हळूहळू फिरवायचे. पापणीलाही रेघ कळते म्हणे. मी करून बघितलं. मला काही कळलं नाही.

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. घाई करायला लावली की मुद्दाम हळू करायचे. नव्या कारागिराला कधी काही शिकवलं नाही, विचारलं तर "देख" एवढंच म्हणायचे. अमावास्येला सराफा बंद असतो, तेवढ्याच दिवशी घरी जायचे. बायको एकटी शेत बघत होती. तिच्याबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, दगडांबद्दल तासभर ऐकलं.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास शेटजींचा मुलगा, मोहनभाऊ, मुंबईहून काम शिकून आला. वाईट माणूस नव्हता. चपळ होता. त्यानं चिनी मातीची एक बरणी आणली. तिच्यातल्या पाण्यात दागिना बुडवला की चहा पिऊन होईपर्यंत झगमगायला लागायचा. ज्याला नानांना दोन दिवस लागत, त्याला दहा मिनिटं. त्यानं दोन सारख्या अंगठ्या शेटजींच्या पुढे ठेवल्या, एक बरणीतली, एक नानांची.

"बाबूजी, ओळखा कोणती."

शेटजींना ओळखता आलं नाही. नानांनी बरणीतली अंगठी घेतली, जिभेला लावायच्या आधी मोहनभाऊ म्हणाला, "अहो नाना, थांबा, मराल." मग त्यानं ती नीट धुऊन आणली. नानांनी जीभ लावली आणि ठेवून दिली.

"चमकस. पन बठ्ठ्या रेघा तठेच शेत. आनि वजन करा."

वजन केलं. घट आली होती. ते पाणी सोनं खातं, वरचा थर खाऊन चमक काढतं. गिऱ्हाइकाचं सोनं ते. शेटजींनी मुलाला सांगितलं, बरणी बंद.

बरणी बंद झाली नाही. मागच्या मोरीत, पाट्याच्या आड गेली. मोहनभाऊ दागिना आधी त्यात बुडवायचा, मी धुवायचे, मग तो नानांकडे जायचा. रेघा उरायच्या, पण वरचा खरखरीतपणा जायचा, त्यामुळे नानांचे पहिले दोन दगड लवकर उरकायचे आणि कोणाला कळायचं नाही. मला त्यानं सांगितलं होतं, "मथुरा, चिमट्यानं धरायचं. पाच पाण्यांनी धुवायचं. याच्या एका खड्यानं बैल मरतो." आणि हसला. मला हे सगळं माहीत होतं. मी नानांना सांगितलं नाही. मोहनभाऊ मालक होता, घरी आई अंथरुणावर होती आणि मला पगार हवा होता.

तो गोठ पहूरच्या एका लग्नघरचा. गोठ आतून पोकळ असतो. आत लाख भरतात, भोक बुजवतात, आणि मगच तो दगडाखाली येतो. कायम हाच क्रम. पण लाख भरलेला दागिना बरणीत चालत नाही, म्हणून मोहनभाऊनं क्रम उलटा केला. पोकळ गोठच बुडवला. भोकातून पाणी आत गेलं. मी चिमट्यानं धरून दोन पाण्यांनी धुतला. पाच नाही, दोन. पुढून नानांनी हाक मारली होती, "मथुरे, गोठ लई ये," म्हणून मी उरकलं. पुसला, फडक्यावर ठेवला, नेऊन दिला. आत पाणी असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नानांच्या हाताला तो जड लागला, भरलेला गोठ लागतो तसाच. चाळीस वर्षांत त्यांच्या हातात रिकामा गोठ कोणी दिला नव्हता. त्यांनी भोकाकडे बघितलंच नाही. सांधा जिभेला लावला, कारण रेघ राहते ती सांध्यावर.

"कडू शे," म्हणाले आणि हसले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

दुपारची वेळ. कारागीर त्या दिवशी बाहेर जेवायला गेले होते. मी रिठ्याचं भांडं उचललं, नानांची मान मागे केली आणि ते फेसाळ पाणी त्यांच्या घशात ओतलं. ते हात झटकत होते. मी गुडघा त्यांच्या छातीवर ठेवला. पुन्हा ओतलं. त्यांना ओकारी झाली, माझ्या लुगड्यावर, दगडांच्या वाट्यांमध्ये, सगळीकडे. सातही पाणी एक झाली. मी तिसऱ्यांदा ओतलं.

मोहनभाऊ आवाज ऐकून आला आणि दारात उभा राहिला.

"काय झालं?"

"गोठात पाणी होतं."

त्यानं मागच्या मोरीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "मथुरा, कोणाला सांगू नको."

"टांगा आणा."

"आधी ऐक..."

"टांगा आणा, नाहीतर मी गल्लीत जाऊन बरणीचं नाव घेऊन ओरडते."

तो पळाला. टांगा आला. टांगेवाल्यानं नानांकडे बघितलं, माझ्या भिजलेल्या लुगड्याकडे बघितलं.

"दुपारीच जास्त झाली काय याला?"

"हो. हाणा घोडा."

टांग्यात नानांचा श्वास धावल्यासारखा चालला होता. डोळे उघडे, पण बघत नव्हते. डोकं माझ्या मांडीवर. रस्त्यावरचे लोक बघत होते. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. मी एकोणचाळीस डबे मोजले. मोहनभाऊ टांगेवाल्याच्या शेजारी बसून नखं खात होता. फाटक उघडेपर्यंत नानांचे दोन श्वास चुकले. तिसरा आला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय घेतलं?

"तेजाब असेल," मोहनभाऊ म्हणाला. "सोनाराकडे असतं."

"सायनाइड," मी म्हटलं.

मोहनभाऊनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरनंही बघितलं. मी पुन्हा म्हटलं, सायनाइड, पाण्यातलं, काही थेंब, ओकवलंय. तो शब्द मला मोहनभाऊनंच शिकवला होता. डॉक्टरनं मग एकही प्रश्न विचारला नाही. नाकाशी काही धरलं, दंडात सुई घातली, आम्हाला बाहेर काढलं.

मी बाहेर बाकावर बसले. मोहनभाऊ बसला नाही. शेटजी आले, मुलाशी मारवाडीत बोलले, मुलाच्या तोंडात एक ठेवून दिली आणि माझ्या शेजारी येऊन बसले.  शेवटची बस गेली. शेटजींनी नशिराबादला आईकडे निरोप धाडला.

सकाळी परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, म्हातारा पाणी मागतोय.

विषाचं प्रकरण, म्हणून हवालदार आला. नाना खाटेवर टेकून बसले होते. जिभेचं टोक पांढरं पडलं होतं आणि बोलणं जड झालं होतं. हवालदारानं वही उघडली.

"हे तोंडात कसं गेलं?"

"दागिना जिभले लावानी मनी खोड शे. चाळीस वरीसनी."

"विषारी पाणी लागलं होतं ना त्याला? मग धुतला कोणी?"

मी पायाशी तांब्या घेऊन उभी होते. मोहनभाऊ भिंतीकडे बघत होता. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी," ते म्हणाले. "मीच धुतं. नीट धुवाये नही."

हवालदारानं लिहून घेतलं आणि अंगठा घेतला. मी बोलू शकले असते. बोलले नाही. माझं नाव वहीत गेलं असतं तर मला गावात कोणी धुणंभांडीही दिली नसती. हे कारण खरं आहे, पण ते चांगलं आहे असं मी म्हणत नाही.

हवालदार गेल्यावर नाना म्हणाले, "आतून धुवानं ध्यानमा उनं नही?"

"नाही."

"आनि बरनी मोरीमा शे, हाई माहीत व्हतं तुले."

"होतं."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, मीही माफी मागितली नाही. मागून काय झालं असतं.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले, तेही दगडाला हात न लावता. शेटजींसमोर उभे राहिले. "शेटजी, या कारखानामा बरनी ऱ्हाई, नहीतर मी." शेटजींनी दोन दिवस मागितले. दोन दिवसांनी म्हणाले, सुपडू, आता सगळ्या पेढ्यांवर बरणी आली आहे, मी एकट्यानं काय करू. नानांनी मान हलवली. सात चिंध्या सोडल्या, सातही दगड धुतले, पुन्हा बांधले आणि पिशवी खांद्याला लावून धुळ्याच्या गाडीला गेले. मी कामावर राहिले. पुढे नऊ वर्षं त्याच बरणीतले दागिने धुतले, पाच पाण्यांनी.

नंतर एकदाच दिसले. भाचीच्या लग्नाला जाताना धुळ्याच्या स्टँडवर. शिंदखेड्याच्या गाडीशी उभे होते, दोन नव्या बादल्या दोरीनं बांधलेल्या, आणि त्या टपावर टाकायच्या की आत घ्यायच्या यावरून कंडक्टरशी भांडत होते. कंडक्टर म्हणत होता टपावर, नाना म्हणत होते पोचा पडेल. गाडीतली माणसं वैतागली होती. शेवटी बादल्या मांडीवर घेऊन खिडकीत बसले. केस पार पांढरे झाले होते. मी हाक मारली नाही. गाडी सुटली.

सुपडूनाना त्या दुपारनंतर सतरा वर्षं जगले आणि घरी, म्हातारपणानं गेले. मोहनभाऊ अजून आहे, नातवंडं आहेत त्याला. मीही आहे.